वाट पाहणाऱ्यांसाठी रंगवलेली चित्रे: युद्धकाळातील अमेरिकी मासिके आणि त्यांचे प्रणयचित्रकार

उपयोजित कलेच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकी मासिकांत गणवेशातला तरुण आणि त्याच्या मिठीतली तरुणी यांची जी रंगीत चित्रे दिसतात, ती कोणी काढली, कशी काढली, आणि ती निव्वळ गोडवा विकणारी जाहिरातबाजी होती की चित्र म्हणूनही त्यांना काही मोल आहे? प्रश्नाचे तिन्ही भाग एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की त्यांची वेगवेगळी उत्तरे देणे मला जमणार नाही. कथाचित्रे आणि मुखपृष्ठे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या चित्रकारांची पाने समोर ठेवून मी हात बसवला, त्यामुळे पुढचे विवेचन इतिहासकाराचे नाही, त्याच धंद्यातल्या माणसाचे आहे, हे लक्षात घेऊन ते वाचावे.

ही चित्रे कोणासाठी काढली जात होती, हे आधी समजून घेतले पाहिजे. युद्धाच्या वर्षांत अमेरिकेच्या सशस्त्र दलांत सुमारे 1 कोटी 60 लाख माणसांनी सेवा केली. म्हणजे मासिक उघडणाऱ्या असंख्य स्त्रियांचा नवरा, वाग्दत्त वर, भाऊ किंवा मुलगा त्या वेळी समुद्रापलीकडे होता, आणि तो परत येईल की नाही याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. या वाचकांना रणांगणाचे चित्र नको होते, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस होतेच. त्यांना हवा होता तो पुढचा, अजून न घडलेला एक क्षण. तो दार उघडतो, सामान खाली टाकतो आणि तिला मिठीत घेतो. अजून न घडलेली भेट घडल्यासारखी दाखवायची, आणि तीही अशी की ती आपल्याच घरात घडते आहे असे प्रत्येकीला वाटावे, हे या चित्रकारांपुढचे खरे काम होते. त्यांच्या तंत्रातल्या बहुतेक गोष्टींचा उगम या कामात सापडतो.

दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा हा काळ आहे. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’, ‘कॉलियर्स’, ‘लेडीज होम जर्नल’, ‘मॅकॉल्स’, ‘गुड हाउसकीपिंग’, ‘कॉस्मोपॉलिटन’ ही नियतकालिके लाखोंनी खपत होती. त्यांच्या पानांवर लघुकथा आणि क्रमशः कादंबऱ्या यांची रेलचेल असे, आणि प्रत्येक कथेच्या आरंभी बहुधा दोन पाने व्यापणारे मोठे चित्र असे. वाचक पाने उलटत असताना त्याला थांबवायचे, ही त्या चित्राची जबाबदारी होती. त्यामुळे नामवंत कथाचित्रकाराला नटासारखी प्रसिद्धी मिळत असे आणि वाचक त्याला नावानिशी पत्रे लिहीत.

प्रणयचित्राची परंपरा अर्थातच या युद्धात सुरू झाली नव्हती. पहिल्या महायुद्धात चार्ल्स डाना गिब्सन यांनी चित्रकारांच्या सरकारी प्रसिद्धी विभागाचे नेतृत्व केले होते. हॉवर्ड चँडलर क्रिस्टी यांनी 1917 मध्ये नौदलाचा गणवेश घातलेल्या तरुणीचे भरतीसाठीचे पोस्टर केले, आणि हॅरिसन फिशर यांनी रेड क्रॉससाठी सुंदर चेहरे रंगवले. त्या पिढीची तरुणी आदर्श होती, उंच होती आणि काहीशी दूरची होती. पुढे प्रुएट कार्टर यांच्यासारख्या चित्रकारांनी तिला घरात आणले, दिवाणखान्यात बसवले आणि तिच्या भोवती तैलरंगात खोलीचा सारा प्रकाश उभा केला. ती चित्रे डौलदार आहेत, पण त्यांत पाहणारा प्रेक्षागृहात बसलेला असतो आणि प्रसंग रंगमंचावर चाललेला असतो.

हे अंतर तोडण्याचे श्रेय प्रामुख्याने अ‍ॅल पार्कर (1906–1985) यांना द्यावे लागते. सेंट लुईसमध्ये वाढलेल्या पार्कर यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात तैलरंगांऐवजी गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरून पार्श्वभूमी जवळजवळ काढूनच टाकली. कागद कोरा ठेवायचा आणि त्यावर चेहरे, हात आणि एखादी अर्थपूर्ण वस्तू एवढेच मांडायचे, असा त्यांचा बेत असे. चेहरे पानावर इतके मोठे येत की वाचक त्या दोघांच्या अगदी जवळ उभा आहे असा भास होई. चित्रपटातील समीपदृश्याची सवय झालेल्या वाचकाला ही मांडणी लगेच भावली आणि पाहता पाहता सगळी तरुण पिढी त्यांच्या वाटेने गेली. पार्कर यांनी मात्र अनुकरण सुरू झाले की आपली पद्धत बदलण्याचा नेम आयुष्यभर पाळला, आणि मला त्यांच्याविषयी जो आदर आहे त्याचे मोठे कारण हेच आहे.

आता ज्या चित्रांविषयी मूळ प्रश्न आहे त्यांच्याकडे वळतो. गणवेशातील तरुण आणि मिठीतली तरुणी यांची जी चित्रे आज सर्वाधिक फिरतात, त्यांतील पुष्कळशी जॉन व्हिटकॉम्ब (1906–1988) यांची आहेत, आणि ती कथाचित्रे नसून काट्याचमच्यांच्या जाहिराती आहेत. ओनायडा ही न्यूयॉर्क राज्यातील कंपनी ‘कम्युनिटी’ या नावाने चांदीचा मुलामा दिलेले काटे-चमचे विकत असे. युद्ध सुरू झाल्यावर धातू आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि विकायला मालच उरला नाही. अशा वेळी कंपनीने ‘बॅक होम फॉर कीप्स’, म्हणजे कायमचा घरी परतलेला, या शीर्षकाची जाहिरातमाला सुरू केली. पानभर चित्र, त्यात परतलेला सैनिक आणि त्याची प्रेयसी, आणि खाली थोडक्यात असे आश्वासन की तो येईल, तुमचे घर उभे राहील आणि त्या घरात आमचे चमचे असतील. तरुणींनी ही पाने कापून भिंतींवर लावली, आणि कंपनीकडे चित्राच्या प्रतींची मागणी करणारी पत्रे येऊ लागली.

माल नसताना जाहिरातीवर पैसा का खर्च केला, असा रास्त प्रश्न येथे पडतो. नाव विसरले जाऊ नये, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण करांचे आहे आणि कलेच्या इतिहासात ते क्वचितच सांगितले जाते. युद्धकाळात अमेरिकेत जादा नफ्यावरील कराचा दर 95 टक्क्यांपर्यंत चढला होता, तर वाजवी जाहिरातखर्च मात्र नफ्यातून वजा करता येत असे. जो पैसा नाहीतरी सरकारकडे जाणार होता, त्यातून उत्तम चित्रकाराला उत्तम मोबदला देणे कंपन्यांना जड नव्हते. विक्रीची घाई नसल्यामुळे चित्रात वस्तू कोंबण्याचा आग्रहही सैल झाला. जाहिरातीच्या पानावर निखळ भावचित्र छापले जाण्याचा असा योग आमच्या व्यवसायात फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

ओनायडाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. ही कंपनी 1848 मध्ये जॉन हंफ्री नॉइज यांनी स्थापन केलेल्या एका धार्मिक समूहातून जन्मली. त्या समूहाने एकपतिपत्नी विवाहाची रीतच नाकारली होती, आणि 1881 मध्ये त्याचे भागधारकांच्या कंपनीत रूपांतर झाले. त्याच कंपनीने साठ वर्षांनी लग्नाच्या आणि स्वतःच्या घराच्या स्वप्नाला देशभर रूप दिले.

व्हिटकॉम्ब यांचे एक प्रातिनिधिक पान समोर आहे असे समजून ते जवळून पाहू. चौकट खांद्यांपासून वरची आहे. खोली, फलाट किंवा अंगण यांपैकी काही दिसत नाही. मालिकेतील अनेक चित्रांत तरुणीचा चेहरा आपल्याकडे वळलेला असतो, आणि तरुणाचा चेहरा तिच्या केसांत किंवा गालाशी अर्धा लपलेला असतो. ही मांडणी हेतुपूर्वक केलेली आहे. तिचा चेहरा पाहून वाचक तिच्या भावनेशी एकरूप होते, आणि त्याचा चेहरा अपुरा ठेवल्यामुळे त्या जागी तिला आपल्या माणसाचा चेहरा बसवता येतो. गणवेश मात्र काटेकोर असतो, कारण नौदल, वायुदल आणि पायदळ यांतला फरक घरी बसलेल्या मुलीला चांगला ठाऊक होता, आणि कॉलर किंवा फीत चुकली असती तर भ्रम क्षणात मोडला असता. व्यक्ती मोघम आणि गणवेश नेमका, या जोडीवर ते सगळे चित्र उभे आहे.

त्यानंतर हातांकडे पाहावे. नवखा चित्रकार मिठीचे चित्र काढतो तेव्हा सगळा जीव चेहऱ्यांवर खर्च करतो आणि हात कोठेतरी दडवून टाकतो. चेहऱ्यावरचे हसू कसलेही असू शकते, पण पाठीवर घट्ट रुतलेली बोटे आणि त्यांच्या दाबाने कापडावर पडलेल्या चुण्या किती काळाने भेट होते आहे ते सांगतात. या घराण्याच्या चांगल्या चित्रांत हे ओझे हातांवर टाकलेले दिसते. मी शिकवत असताना विद्यार्थ्यांना अशा चित्रातले चेहरे कागदाने झाकून केवळ हातांवरून प्रसंग ओळखायला सांगत असे. चित्र चांगले असेल तर तो ओळखता येतो.

तिसरी बाब कडांची आहे. टोपीची कड, पापणी, ओठांची मधली रेघ आणि कॉलर एवढ्या मोजक्या जागी कडा धारदार ठेवायच्या, आणि केस, गाल व खांदा एकमेकांना भेटतात तेथे त्या विरघळू द्यायच्या. दोन माणसांमधली सीमारेषा पुसट झाली की ती दोघे खरोखर एकमेकांना भेटल्यासारखी वाटतात. सगळी बाह्यरेषा सारख्याच कडकपणे काढली, तर दोन पुतळे शेजारी ठेवल्यासारखे दिसते. गॉशमध्ये हे साधणे सोपे नाही. हा रंग झटपट वाळतो, वाळताना गडद छटा थोड्या फिकट आणि फिक्या छटा थोड्या गडद होतात, आणि ओलसर कुंचल्याने कड मऊ करायला गेले की खालचा थर उठून येतो. म्हणून ओल असेपर्यंत निर्णय घ्यावा लागतो आणि घेतलेल्या निर्णयावर राहावे लागते. व्हिटकॉम्ब यांच्या चेहऱ्यांवरची ती गुळगुळीत झळाळी पाहून त्यांना कोणी हलके लेखते, तेव्हा एकदा तो रंग हातात घेऊन पाहा, एवढेच मी सुचवतो.

हे काम एकट्याने, एकांतात होत नसे. चार्ल्स कूपर यांनी न्यूयॉर्कमध्ये 1935 मध्ये स्टुडिओ काढला, त्यात व्हिटकॉम्ब आरंभापासून होते, आणि शिकागोत जाहिरातचित्रकार हॅडन संडब्लॉम यांच्याकडे उमेदवारी केलेले कोबी व्हिटमोर (1913–1988) 1943 मध्ये तेथे दाखल झाले. कामाची वाट साधारण अशी असे. कला-संपादकाकडून कथेचे हस्तलिखित येई, चित्रकार ते वाचून अंगठ्याएवढे कच्चे आराखडे करी, त्यातला एखादा मंजूर झाल्यावर व्यावसायिक मॉडेल बोलावून त्यांची छायाचित्रे घेतली जात, आणि त्या छायाचित्रांवरून बोर्डावर अंतिम रेखांकन होई. छायाचित्राचा आधार घेतल्याबद्दल आजही नाके मुरडली जातात. पण कोणती छायाचित्रे घ्यायची, कोणाचा खांदा किती वर, मान किती कलती, हे सारे चित्रकारच ठरवीत असे. छायाचित्रातली प्रत्येक सुरकुती बोर्डावर उतरत नसे, आणि काय वगळायचे ते ठरवण्यातच त्याचे चित्रकारपण दिसे.

छपाईचा विचार केल्याशिवाय या चित्रांचे रंगही नीट कळत नाहीत. मूळ चित्र हाफटोन ब्लॉकच्या, म्हणजे छटा बारीक ठिपक्यांत फोडणाऱ्या ठशाच्या, ठिपक्यांतून जाणार, वेगाने धावणाऱ्या यंत्रावर छापले जाणार आणि कागद फार उंची प्रतीचा नसणार, हे चित्रकाराला पक्के माहीत असे. बारीक छटाभेद ठिपक्यांत हरवतात. म्हणून गडद, मधला आणि उजळ अशा तीनच मोठ्या पायऱ्यांत चित्राचा सांगाडा आधी बांधून घ्यावा लागे. नौदलाच्या गणवेशाचा गडद निळा, तरुणीच्या पोशाखाचा उजळ भाग आणि त्वचेचा मधला टोन ही विभागणी जणू आयतीच मिळत होती. त्यात लाल ओठ हा छपाईत सर्वांत खात्रीने उठणारा रंग. पुष्कळ कथांना तर पूर्ण रंगही मिळत नसत. काळा आणि आणखी एक रंग एवढ्यावर भागवावे लागे, आणि त्या दुरंगी पानांतली काही चित्रे चौरंगी चित्रांहून अधिक सरस आहेत, असे माझे मत आहे.

प्रत्येक प्रणयचित्रात पुरुष असलाच पाहिजे असेही नव्हते. पार्कर यांनी ‘लेडीज होम जर्नल’साठी 1939 पासून 1952 पर्यंत आई आणि मुलगी यांची मुखपृष्ठमाला केली. दोघींचे कपडे सारखे, दोघींची कामेही सारखी. मालिका युद्धापूर्वी सुरू झाली असली तरी युद्धाची वर्षे तिच्यातून गेली, आणि तेव्हा या जोडीचा अर्थ आपोआप बदलला. घरात दोघीच आहेत, आणि तिसऱ्याची जागा न दाखवताही वाचकाला दिसते. आईसारखेच कपडे मुलीला शिवण्याची लाट या मुखपृष्ठांमुळे देशात पसरली.

नॉर्मन रॉकवेल (1894–1978) यांना कोणी प्रणयचित्रकार म्हणत नाही, पण वाट पाहण्याची सर्वांत खोल चित्रे मला त्यांच्याकडे सापडतात. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’साठी त्यांनी विली गिलिस नावाचा एक साधा सैनिक निर्माण केला आणि 1941 ते 1946 या काळात त्याची 11 मुखपृष्ठे रंगवली. त्यांतल्या एकातही विली लढताना दिसत नाही. पुढे ज्या तरुणावरून ते विली रंगवीत तोच नौदलात दाखल झाला, आणि रॉकवेलपुढे मॉडेलच उरले नाही. त्यांनी वाट अशी काढली की विलीऐवजी विलीची छायाचित्रेच चित्रात आणली. 1 जानेवारी 1944 च्या मुखपृष्ठावर नववर्षाच्या रात्री पांघरूण ओढून झोपी गेलेली तरुणी आहे आणि तिच्या उशाशी, वर भिंतीवर, विलीचे फोटो आहेत. जग मध्यरात्री जल्लोष करीत असताना ती झोपली आहे, कारण ज्याच्याबरोबर जागायचे तो येथे नाही. मिठी नाही, अश्रू नाही, आणि तरीही त्या वर्षांतले इतके नेमके प्रेमचित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

26 मे 1945 चे त्यांचे मुखपृष्ठही येथे सांगायलाच हवे. युरोपातले युद्ध नुकतेच संपले होते. विटांच्या जुन्या चाळवजा इमारतीच्या मागच्या अंगणात एक लाल केसांचा सैनिक आपल्याकडे पाठ करून उभा आहे. आई दोन्ही हात पसरून पुढे झेपावते आहे, भावंडे आणि कुत्रा धावत सुटले आहेत, शेजारी खिडक्यांतून पाहत आहेत, पोरे झाडावर चढली आहेत आणि दोरीवर कपडे वाळत आहेत. या सगळ्या गलबल्यात डावीकडे, भिंतीच्या कोपऱ्याशी अंग चोरून, एक मुलगी उभी आहे. ती धावत नाही आणि हाकही मारीत नाही. घरच्यांचा पहिला हक्क मान्य करून ती आपली वेळ येण्याची वाट पाहते आहे. सैनिकाची पाठच दिसत असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणजे व्हिटकॉम्ब यांनी वापरलेली युक्ती येथेही आहे. पण व्हिटकॉम्ब जो क्षण कळसाला पकडतात, तो रॉकवेल त्याच्या आधीच थांबवतात. मला स्वतःला थांबवलेला क्षण अधिक भावतो, कारण पाहणाऱ्याला तो मनात पुरा करावा लागतो.

सरकारचा हात या सर्वांत किती होता, हेही पाहायला हवे. युद्ध-माहिती कार्यालयाने 1942 पासून मासिकांसाठी मार्गदर्शक पत्रके काढली. त्या कार्यालयाच्या मासिक विभागाच्या प्रमुख डोरोथी ड्यूकस होत्या. कोणते विषय कथांत यावेत, कामावर जाणाऱ्या स्त्रिया कशा दाखवाव्यात, याच्या सूचना त्यांत असत. जुलै 1942 मध्ये सुमारे 500 नियतकालिकांनी एकाच वेळी मुखपृष्ठावर राष्ट्रध्वज छापला, आणि सप्टेंबर 1943 मध्ये कामकरी स्त्री मुखपृष्ठावर आणण्याची मोहीम झाली. पण हे आदेश नव्हते, विनंत्या होत्या, आणि मासिकांनी त्या बऱ्याच अंशी आपण होऊन मानल्या. रॉकवेल यांच्या ‘चार स्वातंत्र्ये’ या चित्रांची कहाणी तर उलट दिशेने गेली. 1943 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती प्रथम ‘पोस्ट’मध्ये छापली गेली, आणि मग सरकारने त्यांचे प्रदर्शन देशभर फिरवले. त्या मोहिमेत 13 कोटी डॉलरहून अधिक किमतीचे युद्धरोखे, म्हणजे युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे, विकले गेले.

सैनिकांच्या बाजूला जी चित्रे भिंतींवर चढली, ती बहुधा वेगळी होती. ‘एस्क्वायर’ या पुरुषांच्या मासिकातील आल्बर्टो व्हार्गास यांच्या तरुणी आणि त्यांच्या नकला यांनी बराकी आणि विमानांची नाके भरून गेली. दोन्ही प्रकार सौंदर्याचेच असले तरी त्यांची गल्लत करू नये. व्हार्गास यांची तरुणी एकटी असते आणि पाहणाऱ्याकडे पाहते. व्हिटकॉम्ब यांची तरुणी कोणाची तरी असते, आणि तिच्या मागे घर, लग्न आणि पुढली वर्षे उभी असतात.

या चित्रांत कोण नव्हते, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकी त्या युद्धात गणवेशात होते, पण मोठ्या मासिकांच्या प्रणयचित्रांत परतणारा सैनिक आणि त्याची प्रेयसी जवळजवळ नेहमीच गोरी असत. रॉकवेल यांनी पुढे सांगितले आहे की, कृष्णवर्णीय माणूस सेवकाच्या भूमिकेतच दाखवावा अशी ‘पोस्ट’ची रीत होती. जखमी, पांगळा झालेला किंवा रात्री दचकून उठणारा सैनिकही या पानांवर क्वचितच येई. मृत अमेरिकी सैनिकांचे छायाचित्र छापायला ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाला सप्टेंबर 1943 पर्यंत परवानगी मिळाली नव्हती. युद्धात 4 लाखांहून अधिक अमेरिकी मृत्यू पावले, म्हणजे तितक्या घरांसाठी कायमचा घरी परतलेला सैनिक हे चित्र कधीच खरे झाले नाही. त्या घरांतही ही मासिके येत होती. या चित्रांची बाजू मी कितीही हिरिरीने मांडत असलो तरी ही गोष्ट बाजूला सारून त्यांचे मोल ठरवता येणार नाही, असे मला वाटते.

मात्र हे चित्रकार सुरक्षित स्टुडिओत बसून स्वप्ने विकत होते, असा ठपका त्यांच्यावर सरसकट ठेवता येत नाही. व्हिटकॉम्ब स्वतः नौदलात अधिकारी होते. सुरुंग हटवणाऱ्या जहाजांवर काम केल्यानंतर त्यांनी युद्धचित्रकार म्हणून पॅसिफिक महासागरातील सायपान, टिनियन आणि पेलेलिऊ या बेटांवरील स्वाऱ्या प्रत्यक्ष पाहिल्या. मॅक्लेलंड बार्कले यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत मोटारींच्या जाहिरातींतून डौलदार स्त्रीचे एक रूप लोकप्रिय केले होते. पन्नाशी ओलांडल्यावरही ते नौदलाच्या सेवेत राहिले, आणि जुलै 1943 मध्ये सॉलोमन बेटांजवळ ते ज्या जहाजावर होते ते पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाले तेव्हा त्यांचा अंत झाला. मीड शेफर यांनी ‘पोस्ट’साठी सैन्याच्या निरनिराळ्या शाखांतल्या जवानांची मुखपृष्ठे केली, आणि त्यासाठी ते त्या त्या तळांवर जाऊन राहिले.

आपल्याकडच्या वाचकाला ही पाने पाहून दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर आठवतील, आणि ते स्वाभाविक आहे. दलालांचा ‘दीपावली’ 1945 मध्ये सुरू झाला, म्हणजे काळ तोच आहे. मोठे डोळे, भरलेले ओठ, मुखपृष्ठावर एकटी किंवा प्रियकराच्या सान्निध्यातली तरुणी, ही सामग्रीही जवळची वाटते. पण मुळगावकरांचा स्प्रे आणि दलालांची लयदार रेषा यांचे काम वेगळे होते. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरची स्त्री सणाची शोभा घेऊन येते आणि ती वर्षभर घरात राहावी अशी अपेक्षा असते. अमेरिकी साप्ताहिकाच्या चित्राला आठवडाभराचे आयुष्य होते, आणि त्याला एक विशिष्ट कथा किंवा एक विशिष्ट दुःख गाठायचे होते. एकाच मापाने दोघांना मोजले तर दोघांवरही अन्याय होतो.

युद्ध संपल्यावर ही शैली आणखी दहा-बारा वर्षे भरात राहिली. 1948 मध्ये कनेक्टिकटमधील वेस्टपोर्ट येथे पत्राद्वारे चित्रकला शिकवणारी ‘फेमस आर्टिस्ट्स स्कूल’ निघाली, तिच्या संस्थापक अध्यापकांत रॉकवेल, पार्कर आणि व्हिटकॉम्ब हे तिघेही होते. पुढे दूरचित्रवाणीने कथा पळवल्या, छायाचित्राने पाने पळवली, ‘कॉलियर्स’ 1957 च्या जानेवारीत थांबले आणि ‘पोस्ट’चे मूळ पर्व 1969 मध्ये संपले.

या चित्रकारांकडून शिकायचे असेल तर पडद्यावरच्या प्रतिमा पाहून भागणार नाही. जुन्या मासिकाचे छापील पान मिळवावे, ते हातभर अंतरावर धरावे आणि चित्र त्या मापातच पाहावे, कारण ते त्या मापासाठी रंगवलेले आहे. मग त्याची तीनच टोनमध्ये, कोळशाने, तळहाताएवढी नक्कल करावी. चेहऱ्याचे साम्य साधण्याच्या फंदात पडू नये. प्रथम गणवेशाचा गडद आकार, मग तिच्या पोशाखाचा उजळ आकार आणि शेवटी दोघांच्या मधली हरवलेली कड एवढेच मांडावे. ते जमले की त्याच पानावरचा एक हात मोठा करून गॉशमध्ये रंगवावा, आणि कापडावर बोटांचा दाब दिसेपर्यंत तो सोडू नये.